नाल्याच्या तोंडावरच्या उशा

भावोजी गेल्याचं मला गच्चीवर कळलं. सकाळचे अकरा वाजले असतील. आमचे हे हॉस्पिटलमधून परत आले. नेहमी जिन्यातूनच हाक मारतात, त्या दिवशी मारली नाही, तेव्हाच मी समजले. "दादा गेला," ते म्हणाले. "चहा घेतला, जरा आडवा झाला आणि गेला. नर्सलासुद्धा कळलं नाही." मी तिथेच कठड्याला टेकून बसले. रडू आलं, पण रडण्याच्या आधी जे आलं तेही खरं सांगायला हवं... मला सुटल्यासारखं वाटलं. दोन महिने त्यांना पाठ टेकून झोपता येत नव्हतं. दम्याने ते बसून झोपायचे, पुढे पाट आणि पाटावर डोकं. तो माणूस शेवटी आडवा झाला आणि शांतपणे गेला, याचं मला बरं वाटलं. आणि दुसरं म्हणजे, मला त्यांच्याशी जे बोलायचं होतं ते बोलून झालेलं होतं. काही उरलं नव्हतं. हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. म्हणून सहा आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

भावोजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. आमच्याकडे कोकणात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, अशी पद्धत. गावच्या मोठ्या घरात ते जमून जातं. पण गिरणीचा संप झाला, यांचं काम गेलं आणि आम्ही परळची खोली सोडून वाकोल्याला भावोजींच्या घरी राहायला आलो. दोन खोल्या, वर गच्ची. तिथे कोण कुठे लपणार? तरी आम्ही पद्धत पाळली. एकाच खोलीत, चार हातांवर बसून आम्ही थोरल्या जाऊबाईंच्या मार्फत बोलायचो. त्यांना मी अक्का म्हणते. भावोजी म्हणायचे, "तिका विचार, आमटीत मीठ घातला की नाय." मी म्हणायची, "सांगा त्यांना, घातलंय." घराच्या अगदी डोक्यावरून विमानं जायची. विमान आलं की सगळ्यांनी बोलणं थांबवायचं, कपाटातली भांडी थरथरायची, मग पुन्हा पहिल्यापासून. अक्का वैतागायच्या. "मी काय घरातला टेलिफोन आहे? एक दिवस माझी लाइन बंद पडेल, मग बसा दोघं मुके." भावोजी मिशीत हसायचे, मी पदर तोंडाला लावायची. पण बोलायचे नाहीत आणि मीही नाही. मला तर ते सोयीचंच होतं. मला मुळातच चारचौघांत बोलायला होत नाही.

भावोजी विमानतळावर मुकादम होते. पण विमानांशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांचा संबंध गटारांशी. पावसाचं पाणी वाहून नेणारी जेवढी गटारं त्या भागात होती ती त्यांच्या टोळीकडे. आधी मला वाटायचं, यात काय एवढं? पाणी येतं, पाणी जातं. मग अक्कांना सांगता सांगता, म्हणजे मला ऐकू जाईल असं, त्यांनी एकदा समजावलं. विमानं जिथे उभी राहतात ती सगळी जमीन सिमेंटची. तिथे तेल ठिबकतं, इंधन भरताना सांडतं, धुण्याची औषधं पडतात. कोरड्या दिवसांत ते दिसत नाही. पाऊस आला की सगळं धुऊन गटारात, गटारातून मोठ्या नाल्यात आणि नाल्यातून खाडीत. "लोक म्हणतत, धो धो पावसात घाण येता," ते म्हणायचे. "धो धो पावसात पाणी साफ असता गो. घाण येता ती उघडिपीनंतरच्या सरीक. आठ दिवस ऊन पडला की माका धडकी भरता." आम्ही बायका उघडीप पडली की खूश, कपडे वाळतात. आणि हा माणूस आभाळाकडे बघत येरझाऱ्या घालतोय.

नाला जिथे विमानतळाच्या भिंतीतून बाहेर पडायचा तिथे तीन कप्प्यांचा हौद होता. तेल वर तरंगतं, म्हणून कप्प्यांच्या भिंतींना भोकं खाली ठेवलेली. पाणी खालून पुढे जाईल आणि तेल वर अडकेल. साध्या सरीला ते चालायचं. जोराची सर आली की पाणी भिंतीवरून उडी मारायचं आणि तेलही त्याच्याबरोबर. यावर भावोजींनी आपलं डोकं चालवलं. आमच्या गावी तेलाच्या घाण्यावर खोबरेल सांडलं की नारळाच्या वाळक्या सोडणांनी पुसून घेतात. नारळ सोलल्यावर उरतं ते सोडण, ते तेल असं पितं की जमीन पुन्हा कोरडी. भावोजींनी बाजारातल्या नारळवाल्याकडून सोडणं आणली, गोणपाटात भरली, तोंडं शिवली आणि त्या पिशव्या दोरीत ओवून हौदाच्या शेवटच्या कप्प्यात आडव्या बांधल्या. वरून उडी मारणारं पाणी त्यांच्यातून गेलं. दुसऱ्या दिवशी पिशव्या काळ्याकुट्ट आणि पलीकडचं पाणी मातकट, पण तेलाचा रंग नाही. टोळीतली माणसं त्यांना उशा म्हणायची. "मुकादम नाल्याला झोपवतो," अशी चेष्टा व्हायची. साहेबांनी कुरकुरत का होईना, एक पावसाळा करून बघा म्हणून परवानगी दिली, आणि पुढच्या पावसाळ्यातही उशा तशाच चालू राहिल्या.

त्या उशा शिवायचं काम माझ्याकडे आलं. अक्कांच्या डोळ्यांना दाभणात सुतळी ओवणं जमेना. मी गच्चीवर बसून सोडणं तोडायची, पिंजायची, भरायची आणि शिवायची. मला आवडायचं ते. कुणाशी बोलावं लागत नव्हतं आणि काहीतरी आपल्या हातून होत होतं. पण वाळकं सोडण हाताला फार लागतं. बोटांना चिरा पडल्या, त्यांत मीठ-मसाला गेला की डोळ्यांत पाणी. शिवाय त्याचा भुसा उडून भावोजींचा दमा उठायचा. तो तेव्हाही होताच. मग मी एक शक्कल केली. माझे वडील सुंभ वळायचे. सुंभासाठी सोडणं महिनोन्‌महिने खाडीच्या चिखलात पुरतात, ती मऊ पडली की बडवून काथ्या काढतात. लहानपणी मी तेच बघितलेलं. सोडण म्हणजे आधी भिजवायचं, हे माझ्या हाडात होतं. मी मोठं पिंप पाण्याने भरलं, त्यात सोडणं घातली, चार दिवसांनी काढून धोपाटण्याने बडवली. काय सुंदर काथ्या निघाला! भुसा नाही, टोचणं नाही. थोडं ऊन दाखवलं आणि भरून शिवून टाकल्या. उशा अशा गुबगुबीत झाल्या की कुणीही डोकं ठेवावं. भावोजी न्यायला आले तेव्हा उचलून म्हणाले, "ह्या खेपेक वजनदार झालेत. तिका सांग, बरा शिवलान." मी दिवसभर त्या एका वाक्यावर होते.

तेव्हा उघडीप पडली होती. नऊ दिवस कडक ऊन. दहाव्या दिवशी दुपारी विमानात इंधन भरताना एक पाइप सुटला, बरंच सांडलं, आणि ते आवरायच्या आत सर कोसळली. भावोजी नाल्यावर होते. त्यांना भीती नव्हती, उशा बांधलेल्या होत्या. पण पाणी उशांतून गेलं आणि तेलही गेलं. नाल्यावर सप्तरंगी तवंग वाहत गेला, तो थेट खाडीपर्यंत.

आमच्याकडे हिराबाय यायची, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. तिचा नवरा आणि दीर खाडीत जाळं टाकायचे. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या... वाकोल्यात तिची ठरलेली घरं होती. दुसऱ्या दिवशी ती आली ती हाक न मारता. पाटी उंबऱ्यासमोर आपटली.

"घे गो, वास घे! ही मच्छी हाय का घासलेटचा डबा? सकालपासून एका बायने हात लावला नाय. एकीने तर पाटीवर थू केली."

अक्का म्हणाल्या, "अगं हिराबाय, आम्हाला काय सांगतेस?"

"तुला नको सांगू तर कोणाला? तुजा घोव बसतो ना त्या नाल्याच्या तोंडावर? दोन पावसाले झाले, मी लोकांना सांगतंय, मुकादमाने पानी साफ ठेवलंय, घ्या डोले मिटून. आता माझं तोंड कुठे दाखवू?"

भावोजी आतल्या खोलीत होते. बाहेर आले, पाटीतली एक बोय उचलली, नाकाला लावली आणि परत ठेवली. त्यांचं ते तोंड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. हिराबायचा राग त्यांना लागला नव्हता. त्यांना वाटत होतं, आपली अक्कलच खोटी निघाली.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. ते काय म्हणाले ते भावोजींनी संध्याकाळी अक्कांना सांगितलं. "मुकादम, हा विमानतळ आहे, इथे नारळी पौर्णिमा नको. सोमवारी त्या पिशव्या काढून टाका. आणि तुम्ही आता गवत कापायच्या टोळीवर जा." त्या दिवशी शुक्रवार होता. अक्का म्हणाल्या, "बरं झालं, सुटलात त्या घाणीतून. गवतात बसा सावलीला." भावोजी म्हणाले, "उशी जाऊ दे, मी जाऊ दे. पण मगे त्या हौदावरून तेल असाच जातला. कोण अडवतला?" आणि जेवले नाहीत.

आणि मी गच्चीवर उरलेल्या दोन उशांसमोर बसून होते. एक आधीच्या खेपेची, न भिजवलेली. एक या खेपेची. दोन्ही हातात घेऊन बघितल्या. जुनी हलकी, कोरडी. नवी वरून वाळलेली, पण बोट खुपसलं तर आत गार. मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याचं पोट आधीच पाण्याने भरलंय ते तेल कुठून पिणार? चूक सोडणाची नव्हती, भावोजींची नव्हती, माझी होती. ती मी सांगितली नाही तर सोमवारी उशा जाणार, भावोजी गवतावर जाणार, आणि खाडीत पुढे जन्मभर तेल. हे सगळं समजत होतं. तरी शनिवार गेला. अक्कांना सांगावं म्हटलं, तर वाटलं, त्या मधे आपलं काहीतरी घालतील, किंवा मला वाचवायला अर्धंच सांगतील. यांना सांगावं, तर हे माझ्यावर ओरडतील आणि गोष्ट तिथेच संपेल. सांगायचं तर ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच. आणि त्यांच्याशी मी लग्नाला अकरा वर्षं झाली तरी एक वाक्य बोलले नव्हते.

रविवारी सकाळी भावोजी गच्चीवर दाढी करत बसले होते. मी दोन्ही उशा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आरशातून बघितलं आणि सवयीने हाक मारली, "अगो, ही काय म्हणता बघ." अक्का खाली होत्या. मी म्हणाले, "भावोजी, मी सोडणं भिजवली होती." नेमकं तेव्हाच विमान आलं. मी ओठ हलवले एवढंच त्यांना दिसलं असेल. विमान जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच, ते अर्ध्या गालाला साबण लावून, मी दोन काखांत दोन उशा घेऊन. माझं सगळं धैर्य त्या विमानाबरोबर गेलं होतं. पण आता सुरू केलं होतं... मी पुन्हा म्हणाले, जरा ओरडूनच, "सोडणं मी भिजवली होती! चार दिवस! माझी चूक आहे!"

खालून कुणीतरी खिडकी उघडून बघितलं.

मला वाटलं, आता ते उठून जातील. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "किती दिस म्हणालंस?"

"चार."

"आणि शिवताना वाळली होती?"

"वरून."

"आतसून?"

"आतून ओली होती. अजून आहे. बघा."

त्यांनी उशी घेतली, सुरीने एक टाका उसवला, आत हात घातला. मग मांडीवर अशी थाप मारली की साबणाची वाटी उडाली. "म्हणजे उशी खोटी नाय! माझा म्हणणा खोटा नाय! अगो मंदा, दोन दिस माझ्या डोळ्याक डोळो नाय. मी म्हणतंय, घाण्यावर चालता ता हय कसा चालना नाय? माका वाटला, माझाच डोक्या फिरला." आणि ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. मी पाणी द्यायला धावले. मला वाटलेलं, मी त्यांच्या डोक्यावर दगड घालते आहे. आणि त्यांच्या छातीवरचाच दगड निघाला होता. अक्का धावत वर आल्या तर आम्ही दोघं समोरासमोर बोलतोय. त्या दारातच उभ्या राहिल्या. "माझी लाइन कापली वाटतं," म्हणाल्या.

सोमवारी भावोजी मला आणि अक्कांना नाल्यावर घेऊन गेले. हौदाची जागा भिंतीबाहेर होती, म्हणून आम्हाला जाता आलं. दोन बादल्या पाणी, दोन्हींत वाटी वाटी इंधन ओतलेलं. एकीत भिजवलेल्या सोडणाची उशी, दुसरीत कोरडी. साहेब हाताची घडी घालून उभे. थोड्या वेळाने भावोजी म्हणाले, "साहेब, आता रुमाल बुडवा." साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, जरा नाखुशीनेच. पहिल्या बादलीतून निघाला तो चिकट आणि वासाचा. दुसरं टोक दुसऱ्या बादलीत बुडवलं, ते नुसतं ओलं. साहेब बराच वेळ त्या रुमालाकडे बघत होते. "मग त्या दिवशी ओल्या पिशव्या लावल्या कुणी?" भावोजी म्हणाले, "माझ्या घरात भरल्या, साहेब. मी तपासल्या नाहीत. मुकादमाने तपासायला पाहिजे होत्या." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. साहेबांना कळलं असावं, कारण ते माझ्या हातांकडे बघत होते, चिरा पडलेल्या. "वाळवून लावा," एवढंच म्हणाले. "आणि मुकादम, गवताकडे दुसरा माणूस बघतो." परत येताना वाटेत अक्का म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोन दिवस उपाशी होता होय?" मला मात्र त्या दिवशी पाय जमिनीला लागत नव्हते. रस्त्यात ओरडावंसं वाटत होतं.

हिराबाय तीन आठवडे आमच्या दारावर आली नाही. मग एक दिवस आली, पाटी उतरवली आणि म्हणाली, "घे, बघ वास घेऊन." भावोजींनी मला पुढे केलं. मीच तिला सगळं सांगितलं, भिजवल्याचंसुद्धा. तिने डोळे मोठे केले. "तू केलंस व्हय गो? दिसतेस तर गरीब गाय!" मग म्हणाली, "माज्या सासूने एकदा जाळं वाळवायच्या आधी गुंडालून ठेवलेलं, सगलं कुजलं. तिने मरेपर्यंत कबूल नाय केलं. आमी सगले मांजराला शिव्या देत होतो." आणि मला दोन चिंबोऱ्या जास्त टाकल्या.

त्यानंतर आमच्यात पद्धत उरली नाही. मी भावोजींशी फार बोलायची असं नाही, माझा स्वभावच तसा. पण सोडणांवर मात्र बोलायची. पुढचे सगळे पावसाळे त्या उशा लागल्या. नाल्याचं पाणी पिण्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही, वाकोल्याचा नाला तो, त्यात विमानतळाशिवाय सगळ्या जगाची घाण. पण हौदातून जे पुढे जायचं त्यावर तवंग नसायचा. दोन वर्षांपूर्वी भावोजी निवृत्त झाले, तरी उशा आमच्याच गच्चीवर व्हायच्या आणि नवे मुकादम घेऊन जायचे. हॉस्पिटलात मी शेवटची भेटले तेव्हाही भावोजींनी तब्येतीचं काही काढलं नाही. श्वास घेत घेत म्हणाले, "आज ऊन पडला?" मी म्हटलं, "पडलंय. सगळी सोडणं पसरून आलेय." त्यांनी मान हलवली. बस.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात नवे मुकादम घरी आले. चाळिशी उलटलेले गृहस्थ, नगरकडचे, बोलायला मऊ. चहा घेतला, भावोजींच्या फोटोला नमस्कार केला आणि मग यांच्याकडे बघून चाचरत म्हणाले, "वेळ बरोबर नाही, पण विचारायला पाहिजे. पुढच्या उशांचं काय करायचं? माझी माणसं शिकतील, पण शिकवणारे तर गेले." हे माझ्याकडे बघायला लागले. अक्का माझ्याकडे बघायला लागल्या. खोलीत परका पुरुष, आणि सगळे माझ्याकडे.

मी म्हणाले, "वर चला. वही आणली आहे का?"

गच्चीवर मी त्यांना पिंप दाखवलं नाही, दाभण दाखवलं नाही. म्हटलं, "आधी माझी चूक लिहून घ्या. तुमच्या माणसांनी बाकी काही विसरलं तरी चालेल." आणि भिजवण्यापासून रुमालापर्यंत सगळं सांगितलं. ते भराभर लिहीत होते. विमान आलं की मी थांबायची, गेलं की पुढे बोलायची. अक्का कठड्याला टेकून ऐकत होत्या. त्यांनी मुकादमांना विचारलं, "काय हो, सगळं लिहिलंत? नाहीतर ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. आमच्या घरात हिला गप्प करणारा आता कुणी नाही." म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला... आणि हसल्याही.

मुकादम गेले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. भावोजी रोज दोनला वर येऊन सोडणं उलटी करायचे, खालची बाजू वर, म्हणजे तिलाही ऊन लागेल. अक्का वाकल्या, मीही वाकले. दोन्ही टोकांकडून सुरुवात केली आणि मधे येऊन भेटलो.